हिरव्या पट्टीतला माणूस

शुक्रवार पेठेत गैबीसाब मास्तरांच्या छातीवर शंका घेणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढलं असतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट फुंकतोय आणि अजून सगळ्यांच्या पुढे उभा राहतोय. ज्यांच्या लग्नात ते वाजवत होते, त्यांच्या पोरांच्या लग्नातही तेच वाजवत होते. अशा माणसाला फेब्रुवारीत छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की तुमची फुप्फुसं निम्म्याहून जास्त कामातून गेलीत, तेव्हा मास्तर नुसते हसले. हसू आलं नाही ते त्यांच्या बायकोला, गुलबानोला.

विडी नाही, तंबाखू नाही, मग हे आलं कुठून, असं तिनं डॉक्टरांना जरा रागानंच विचारलं. डॉक्टर शांत होते. त्यांनी मास्तरांना कामाची सगळी रीत सांगायला लावली. बँडच्या पुढे भोंग्यांची गाडी असते, तिच्यावर जनरेटर असतो, आणि मास्तरांच्या माइकची वायर त्याच गाडीतून येते. वायर सात-आठ फुटांची. म्हणजे नवरदेव कितीही मागे राहो, मास्तर मात्र चाळीस वर्षं जनरेटरच्या धुरात तोंड घालून चालत आलेले. त्यात दर वीस पावलांवर फटाक्यांच्या माळा. पावसाळ्यात लग्नं नसत तेव्हा मास्तर टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहायचे, आणि तिथं सूत उडू नये म्हणून पंखासुद्धा लावत नाहीत. डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, फुप्फुसं हवा कमी देतात म्हणून हृदय दुपटीनं राबतंय. उन्हाळ्यात अंग गार ठेवायचं कामही त्याच हृदयाच्या गळ्यात पडतं. तेव्हा एप्रिल-मेमध्ये दुपारची लग्नं बंद.

एप्रिल-मे बंद म्हणजे बँडवाल्याचं वर्षच बंद. मास्तरांचा चेहरा असा उतरला की गुलबानोच मध्ये पडली. काहीतरी वाट काढा, असं तिनं डॉक्टरांना विनवलं. शेवटी डॉक्टरांनी वीतभर लांबीचं एक प्लॅस्टिकचं फुंकायचं यंत्र दिलं. त्यात फुंकलं की काटा सरकतो. साडेतीनशेच्या वर हिरवी पट्टी, खाली पिवळी, अडीचशेच्या खाली लाल. हिरव्यात असाल तर तासभर वाजवा, सावली धरून. पिवळ्यात आलात की घरी. आणि वहिनी, आकडा बघा पण माणूसही बघा, असं ही दोघं निघताना डॉक्टर म्हणाले. गुलबानोनं यातलं पहिलं अर्धंच घरी आणलं.

दवाखान्यात मास्तरांनी पहिल्यांदा फुंकलं तेव्हा काटा दोनशे दहावर थांबला होता. संस्कृती सिस्टर, डॉक्टरांकडची तपासण्या करणारी मुलगी, तिनं कसं फुंकायचं ते समजावलं आणि तो आकडा लिहून घेतला. घरी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पलंगावर ताठ बसले, ट्रम्पेट धरावं तसं यंत्र दोन्ही हातांनी धरलं, ओठ आवळले आणि फुंकले. चारशे साठ. गुलबानोनं पुन्हा फुंकायला लावलं. चारशे सत्तर. डॉक्टरांनी दिलेलं तोंडानं ओढायच्या पंपाचं औषध लागू पडलं म्हणून तिनं त्या दिवशी शेवयांची खीर केली. शेजारचा रिक्षावाला अझरुद्दीन, पस्तिशीचा गडी, त्यानंही हौसेनं फुंकून बघितलं. त्याचा काटा चारशे चाळीसच्या पुढे सरकेना. मग काय, गल्लीभर मास्तरांच्या फुप्फुसांचं कौतुक सुरू झालं, आणि मास्तरही लाजत लाजत ते घेत राहिले.

रोज सकाळ-संध्याकाळ गुलबानो भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायची आणि दर शुक्रवारी त्याचा फोटो दवाखान्यात पाठवायची. एप्रिल गेला. मे उजाडला तो बेचाळीस अंशांनी आणि मग चव्वेचाळीसवर जाऊन बसला. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर भाजायचं. आकडे मात्र हिरव्यात ठाण मांडून होते. मास्तर आताशा दोन उशा घेऊन झोपत. बुटाची नाडी बांधून झाली की पायरीवर थोडा वेळ बसून राहत. एकदा गल्लीतल्या लग्नात तिनं त्यांचं वाजवणं ऐकलं. ज्या लांब सुरावर बायका हातातलं काम टाकून खिडकीत यायच्या, तो सूर मास्तरांनी मधेच तोडला आणि दोन तुकड्यांत वाजवला. तिला वाटलं, नवीन ढंग काढला असेल. एवढी वर्षं ज्याचं वाजवणं ऐकलं, त्याचा श्वास तुटताना तिला ऐकू आला आणि तिनं त्याला ढंग म्हटलं. त्या बाईवर मला कधीकधी राग येतो. पण भिंतीवर चारशे सत्तर लिहिलेलं असताना कानावर विश्वास ठेवणारी माणसं अशी किती असतात?

वीस मेच्या सुमारास संस्कृती सिस्टरनं एक वेगळाच निरोप पाठवला. काका फुंकतात तेव्हा एक व्हिडिओ काढून पाठवा. गुलबानोला वाटलं, चांगले पेशंट म्हणून दुसऱ्यांना दाखवायला मागत असतील.

दुसऱ्या दिवशी शहरात लग्नांची नुसती झुंबड होती. मास्तरांच्या बँडची सुपारी होती ती होटगी रोडच्या एका कार्यालयातल्या लग्नाची. अक्षता दुपारी बारा सदतीसची. त्याआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो. त्याला इकडे परण्या म्हणतात, आणि तो नेमका सूर्य डोक्यावर आला की निघतो. कुणी ठरवलं कोण जाणे. ठरवणाऱ्यानं बँडवाल्यांचा लाल कोट घातलेला नसणार.

सकाळी नऊला मास्तर पलंगावर बसले होते. सोनेरी झालरीचा तो जाड कोट मांडीवर होता आणि ते तो घालत नव्हते. चहा तसाच गार झालेला. गुलबानोनं यंत्र पुढे केलं, दुसऱ्या हातानं मोबाइल धरला. मास्तरांनी फुंकलं. चारशे सत्तर. तिनं व्हिडिओ दवाखान्यात पाठवला आणि कॅलेंडरवर आकडा लिहायला वळली. घरात ही दोघं आपसात दखनीत बोलत. मागून मास्तरांनी विचारलं, "जाऊं क्या, गुलबानो?"

चाळीस वर्षांत त्यांनी कामावर निघताना असं कधी विचारलं नव्हतं. तिचं लक्ष पेनाकडं होतं.

"जाव की," ती म्हणाली. "हिरव्या में है."

मास्तर थोडा वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी कोट चढवला, ट्रम्पेटची पेटी उचलली आणि पायरी उतरले.

साडेअकराला फोन वाजला. संस्कृती सिस्टर होती आणि तिनं नमस्कारसुद्धा केला नाही.

"काकू, काका जीभ मारून फुंकतायत," ती म्हणाली. "ट्रम्पेट वाजवतात तसं. गालात हवा कोंडायची आणि जिभेनं फटकन सोडायची. तो आकडा गालाचा हाय काकू, छातीचा नव्हं."

गुलबानोला आधी काही उमगेना. मग सिस्टरनं समजावलं की तोंडानं वाजवणाऱ्या लोकांकडून असं नकळत होतं. एक फटका जोरात बसतो, काटा पळतो, पण आतून हवा आलेलीच नसते. खरा आकडा दोनशेच्या आसपास असणार, या उन्हात कदाचित त्याहून कमी. तीन महिन्यांचे सगळे आकडे खोटे. मास्तरांना कुणी फसवलं नव्हतं आणि मास्तरांनी कुणाला फसवलं नव्हतं. एका जिभेला जे चाळीस वर्षं येत होतं ते तिनं केलं होतं. सिस्टरनं विचारलं, काका आत्ता कुठं आहेत? गुलबानोनं सांगितलं.  सिस्टर म्हणाली, त्यांना थांबवा काकू, आत्ताच्या आत्ता सावलीत बसवा, आणि निघालात की मला परत फोन लावा.

तिनं मास्तरांना फोन लावला. वाजत राहिला. वाजवताना सगळ्यांचे मोबाइल गाडीतल्या पिशवीत असतात हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं पाच वेळा लावला. मग ढोल वाजवणाऱ्या रुद्रप्पाला लावला. तोही वाजत राहिला. डोक्यावर ओढणी घेत ती अझरुद्दीनच्या दारात गेली. तो जेवायला बसला होता. तिचा चेहरा बघून त्यानं ताटातच हात धुतला.

रिक्षात बसल्यावर तिनं सिस्टरला पुन्हा फोन लावला आणि तो चालूच ठेवून ओढणीच्या गाठीत बांधला. गरम वारा तोंडावर असा आला की तिनं डोळे मिटले. रस्त्यावर माणूस नव्हतं. कुत्री गटारीत पडलेली. सिग्नलला अझरुद्दीन थांबला नाही. सात रस्ता चौकाच्या पुढे आले आणि समोर एक परण्या, सगळा रस्ता अडवून. लाल कोट, घोडा, भोंगे. गुलबानो रिक्षा थांबायच्या आत उतरली आणि माणसांतून वाट काढत पुढे गेली. ट्रम्पेटवाला वळला. तिशीचा, मिशीवाला, भलताच कुणीतरी. ती माघारी पळाली. पळताना चपलेचा अंगठा तुटला. तिनं दोन्ही चपला तिथंच सोडल्या आणि डांबरानं तळपाय पोळले तेव्हा तिला त्यांची आठवण झाली.

होटगी रोडला लागले तर पुढं दोन वराती, एकीच्या मागे दुसरी, आणि दोन्हीकडून गाड्या अडकलेल्या. अझरुद्दीन म्हणाला, "चाची, ह्यातली कुटली ते वळखायचं कसं?" ती रिक्षातून अर्धी बाहेर वाकली. दोन बँड, दोन जनरेटर, फटाके, नाचणाऱ्यांच्या शिट्ट्या. त्या गलक्यातून तिनं कान पुढे नेला. पहिल्या बँडमधला ट्रम्पेट सरळ, भरघोस, न थांबता वाजत होता. मागच्यातला सूर एक ओळ उचलायचा आणि मधे तुटायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा तुटायचा. या वेळी तिला ढंग वगैरे काही वाटलं नाही. तिनं मागच्या वरातीकडे बोट दाखवलं आणि पळत सुटली.

मास्तर गाडीच्या मागे होते. जनरेटरचा काळा धूर त्यांच्या छातीपर्यंत येत होता. कोट पाठीवर भिजून काळा झाला होता, पण कपाळ मात्र कोरडं, राखाडी. नवरदेवाचे मामा महिपतराव बेभान होऊन नाचत होते. चांगला माणूस, पण भाच्याच्या लग्नात कुणाला कशाचं भान असतं! मास्तर, एकदा अजून, एकदा अजून, असं ते मास्तरांच्या तोंडासमोर टाळ्या पिटत म्हणत होते.

मास्तरांनी ट्रम्पेट तोंडाला लावला. सूर आलाच नाही. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला आणि डावा हात वर केला.

आता प्रत्येक बँडचा एक रिवाज असतो. या बँडमध्ये मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेऊन डावा हात वर केला की बाकी सगळ्यांनी थांबायचं आणि एकट्या ढोल-ताशानं उसळायचं. त्याला ते तोडा म्हणतात. वीस वर्षं रुद्रप्पा त्या हाताची वाट बघत आलेला. हात दिसला आणि त्यानं ढोलावर अशी थाप टाकली की पोरं वेडी झाली. मास्तरांचा हात वरच होता. ते तो हलवत होते, नको म्हणून, थांबा म्हणून. रुद्रप्पाला वाटलं, आणखी जोरात मागतायत. त्यानं आणखी जोर लावला. नाचणाऱ्यांनी मास्तरांच्या भोवती कडं केलं. मास्तरांचा दुसरा हात छातीवर गेला आणि ते त्या कड्याच्या मधोमध गुडघ्यावर बसले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गुडघ्यावर बसून वाजवणं ही ट्रम्पेटवाल्यांची जुनी करामत आहे, सगळ्यांना माहीत असलेली.

गुलबानो ओरडत होती आणि तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. कड्यातून आत जाता येईना. ती फिरून रुद्रप्पाकडे गेली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याची टिपरी धरली. टिपरीबरोबर तिचे हातही ढोलावर आदळले. रुद्रप्पानं दचकून बघितलं. ढोल थांबला, ताशा थांबला, आणि मग एकदम सगळीकडे फक्त जनरेटरचा आवाज राहिला.

"वैनी," रुद्रप्पा म्हणाला, "मास्तरनं हात वर केला की. मला वाटलं, तोडा मागिटला."

ती तोपर्यंत आत घुसली होती. मास्तर एका अंगावर कलंडले होते. तिनं कोटाची बटणं तोडली. फोन अजून चालूच होता. सिस्टर पलीकडून सांगत होती, बसतं करा, झोपवू नका, सावलीत घ्या, अंगावर पाणी, मानेला, काखेत, आणि पाणी पाजायची घाई करू नका. मास्तरांचे ओठ जांभळे पडले होते. ते श्वास घेत होते तो मासा घेतो तसा. महिपतरावांचा सगळा नाच पायांतून उतरून गेला होता. ऊन लागलंय, कांदा आणा, असं कुणीतरी म्हणालं. गुलबानोनं त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला. "ऊन न्हाय," ती म्हणाली. "ह्यांचं काळीज हाय. गाडी द्या."

मागे-पुढे वराती, अँब्युलन्स यायला अर्धा तास. वातानुकूलित गाडी एकच होती, नवरा-नवरीसाठी फुलांनी मढवलेली. नवरदेव घोड्यावरून उतरला, स्वतः फुलांच्या माळा ओढून टाकल्या आणि दार उघडलं. कुणीतरी अक्षतेच्या वेळेचा विषय काढला. नवरदेव म्हणाला, थांबेल की. त्याचं नाव इंद्रजीत होतं हे गुलबानोला नंतर कळलं, आणि आजही ती नमाजनंतर त्याच्यासाठी दुवा मागते. पुढच्या वरातीत रिक्षा घालून अझरुद्दीननं रस्ता करून दिला. गाडीत मास्तरांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ती त्यांच्या मानेवर ओला रुमाल फिरवत होती आणि प्रत्येक श्वास मोजत होती. एकदा पुढचा श्वास आलाच नाही. तिनं त्यांची हनुवटी धरून गदागदा हलवलं. मग आला.

हृदयाचा झटका होता. दोन तासांनी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची बुजलेली शीर उघडली, वेळेत आणलंत. धूर, ऊन, आटलेलं पाणी आणि फुंकणं, हे सगळं त्या थकलेल्या हृदयावर एकाच वेळी पडलं होतं. अजून दहा मिनिटं गेली असती तर, असं काहीतरी ते म्हणाले आणि त्यांनी वाक्य अर्धवटच ठेवलं. ट्रम्पेट आता नाही, हेही त्यांनी सांगितलं. संस्कृती सिस्टर दवाखाना सुटल्यावर आली होती. तिचे डोळे लाल होते. आम्ही आधीच बघायला हवं होतं काकू, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. गुलबानोनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर बाकड्यावर रुद्रप्पा आणि बँडची माणसं लाल कोटांतच बसून होती. 

संध्याकाळी तिला पाच मिनिटांसाठी आत सोडलं. मास्तरांच्या नाकातोंडावर मास्क होता, छातीला वायरी. ती स्टुलावर बसली. बसल्या बसल्या तिनं सांगून टाकलं. "मैंच भेजी तुमकू."

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. मास्क जरासा वर केला. बोलायला त्यांना फार वेळ लागत होता. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. छाती रात्रीपासूनच नको म्हणत होती, ते म्हणाले. पण तू आकडा लिहिलास. मला वाटलं, छातीलाच काहीतरी वाटतंय उगीच. मशीन कसं खोटं बोलेल, आणि तू लिहिलेलं कसं खोटं असेल? म्हणून मग त्यांनी कोट घातला होता.

पलंगाच्या वर यंत्राचा एक पडदा होता आणि त्याच्यावर हिरवे आकडे पळत होते. ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याण्णव. गुलबानोची नजर सवयीनं तिकडे गेली. तिनं स्टूल फिरवलं आणि पडद्याकडे पाठ करून बसली. मग तिनं मास्तरांचा हात धरला आणि आता कसं वाटतंय, असं विचारलं. विचारून ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

मास्तर छताकडे बघत होते. बरं आहे, असं ते म्हणणार होते. चाळीस वर्षं तेच म्हणत आले होते. त्यांचे ओठ तसे हललेही. मग त्यांनी डोळे तिच्याकडे वळवले.

"डर लगराय गे," ते म्हणाले.

काही होत नाही, असं म्हणायला ती तोंड उघडत होती. तिनं ते म्हटलं नाही.

"मेरे कू भी," ती म्हणाली, आणि आणखी जवळ सरकून बसली.